भराव खचतो, कारण यंत्र चुकते

पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात शहरातल्या रस्त्यांवर एक सरळ पट्टा खचलेला दिसतो. त्याखाली हमखास जलवाहिनीचा नाहीतर केबलचा चर असतो. सोसायटीच्या आवारातले पेव्हर ब्लॉक चाकांच्या रेषेत बसतात, नव्या घराच्या पडवीतली फरशी पोकळ वाजू लागते. दोष पावसाला दिला जातो. पण पावसाने फक्त अर्धवट राहिलेले काम पुरे केलेले असते. मातीच्या कणांमध्ये अडकलेली हवा भराव टाकतानाच बाहेर काढायची असते. ती राहिली, की पाणी शिरते आणि माती खाली बसते.

पूर्वी हे काम धुम्मस करायची. आता भाड्याने हवे ते यंत्र मिळते, आणि घोटाळा तिथेच होतो. ‘जड रोलर म्हणजे चांगली दबाई’ असा समज पक्का आहे. खरे तर यंत्र ठरवायचे ते आधी मातीवरून, मग जागेवरून.

डब्यातली डाळ नुसती हलवली तरी खाली बसते; कणीक कितीही हलवा, ती दाबावीच लागते. वाळू, खडी आणि खडबडीत मुरूम डाळीच्या जातीचे. त्यांच्या कणांना कंपन मिळाले, की ते एकमेकांच्या फटीत जाऊन बसतात. म्हणून तिथे प्लेट कॉम्पॅक्टर किंवा गुळगुळीत ड्रमचा व्हायब्रेटरी रोलर. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बसतात. तिला ठोका हवा किंवा मळणे हवे. अरुंद जागेत तो ठोका रॅमर देतो, ज्याला साइटवर जंपिंग जॅक म्हणतात. मोकळ्या जागेत पॅडफूट रोलर, म्हणजे ड्रमवर उंचवटे असलेला. ते उंचवटे मातीत घुसून तिला आतून दाबतात. चिकणमातीवर हलकी प्लेट फिरवली तर वरचा पापुद्रा तेवढा कडक होतो, खालची माती भुसभुशीतच राहते.

महाराष्ट्रातल्या पठारावर आणखी एक पेच आहे. काळी माती पाण्याने फुगते, सुकली की आकसते आणि भेगाळते. ती कुठल्याही यंत्राने कितीही दाबली तरी हा स्वभाव जात नाही. म्हणून जोत्याच्या भरावात ती नको. मुरूम आणणे, हाच शहाणपणाचा खर्च.

आता जागा. पाइपलाइनच्या चरात रोलर उतरत नाही. तिथे साधारण ६० ते ८० किलोचा, अरुंद पायाचा रॅमर लागतो. पाइपच्या दोन्ही बाजूंना आणि लगेच वर मात्र हलक्या हाताने, नाहीतर पाइपच फुटायचा. जोत्यात, भिंतींच्या मधल्या मुरुमाला प्लेट पुरते. कोपरे आणि कॉलमच्या कडा राहतात, त्या रॅमरने किंवा हातधुम्मसने घ्याव्यात. संरक्षक भिंतीच्या अगदी पाठीशी जड रोलर नेला, तर मागून येणाऱ्या दाबाने भिंतच सरकू शकते. शेजारी जुने मातीचे किंवा दगडी घर असेल, तर कंपन बंद ठेवून रोलर नुसत्या वजनावर चालवावा. पेव्हर ब्लॉकवर प्लेट फिरवताना खाली रबरी पॅड हवे, म्हणजे ब्लॉकच्या कडा उडत नाहीत. रस्ते, मोठी पटांगणे इथे मात्र ८ ते १० टनांच्या रोलरला पर्याय नाही.

यंत्र बरोबर असूनही काम फसते, त्याचे कारण बहुधा थर. तीन फूट भराव एकदम ओतून वर रोलर फिरवला, तर खालच्या दोन फुटांना त्याचा पत्ताही लागत नाही. रॅमर किंवा हलकी प्लेट असेल तर सुटी माती सहा इंचांच्या आसपास पसरावी, मोठा रोलर असेल तर आठ इंच. एक थर घट्ट झाल्यावरच दुसरा टाकावा.

आणि पाणी. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यात धरणांची कामे पाहणारे अभियंते आर. आर. प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की प्रत्येक मातीला ओलाव्याचे एक नेमके प्रमाण असते. त्या ओलाव्यावर तेवढ्याच ठोक्यांत माती सर्वाधिक घट्ट बसते. कोरडी असेल तर कण सरकत नाहीत; फार ओली असेल तर हवेची जागा पाणी घेते आणि पाय दिला की जमीन खालीवर हलते. आजही प्रयोगशाळेतली चाचणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साइटवरची परीक्षा सोपी आहे. मूठभर माती दाबून गोळा करा. गोळा झालाच नाही, तर पाणी शिंपडा. हाताला चिकटला, तर माती वाळू द्या. गोळा होऊन दाबल्यावर दोन-चार तुकड्यांत फुटला, तर यंत्र सुरू करा. चिकणमातीच्या भरावात पाणी सोडून ‘आपोआप बसेल’ म्हणणाऱ्या मुकादमाचे मात्र ऐकू नका.

महामार्गाच्या कामात केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या निकषांनुसार भराव प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या किमान ९५ टक्के आणि रस्त्याच्या थरांखालचा सबग्रेड ९७ टक्के घट्ट असावा लागतो. ही घनता जागेवर छोटा खड्डा घेऊन, त्यात वाळू भरून मोजता येते. ही चाचणी घराच्या जोत्यासाठी, सोसायटीच्या आवारासाठीही होते, आणि फरशी उखडून पुन्हा बसवण्याच्या तुलनेत तिचा खर्च किरकोळ असतो. तेव्हा ठेकेदाराला ‘रोलर किती टनांचा?’ एवढेच विचारून थांबू नका. माती कोणती, थर किती इंचांचा आणि घनतेचा अहवाल कुठे, हे विचारा. भरावाचे बिल त्यानंतरच चुकते करा.