अलविदा जुम्म्याचा निकाल

रमजानचा शेवटचा शुक्रवार म्हणजे अलविदा जुम्मा. या दिवशी मशिदीत पाय ठेवायला जागा नसते. २२ मे २०२० चा अलविदा जुम्मा मात्र घरातच गेला. महिनाभर तरावीहची नमाजही घरीच झाली होती. करोना गर्दीतून पसरतो, हे कारण समजण्याजोगे होते आणि बंदी सर्वच धर्मस्थळांना होती. साथीच्या गावात जाऊ नये, तिथे असल्यास बाहेर पडू नये, ही प्रेषितांची शिकवण समाजाला ठाऊक होतीच.

त्याच शुक्रवारी मुंबई उच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. करोनाने मृत्यू झालेल्यांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे, असे परिपत्रक मुंबई महापालिकेने ३० मार्चला काढले होते. त्याच दिवशी ते बदलून पुरेशी जागा असलेल्या कब्रस्तानांत दफनाला परवानगी दिली गेली. ९ एप्रिलला अशा २० दफनभूमींची यादी आली. तिला वांद्र्यातील काही रहिवाशांनी आव्हान दिले. दफनामुळे वस्तीत संसर्ग पसरेल, ही त्यांची भीती होती. त्या दिवसांत भीती कुणाला नव्हती?

इस्लाममध्ये दफनविधी हा ‘फर्ज-ए-किफाया’ आहे. काहींनी तो पार पाडला तर सर्वांची जबाबदारी फिटते. कुणीच पाडला नाही तर सारेच दोषी ठरतात. तरीही करोनाकाळात मृतदेहाला अंघोळ घालता आली नाही, जनाजाला मोजकीच माणसे उरली. स्पर्शातून धोका होता, म्हणून लोकांनी ते सोसले. मात्र, नीट पुरलेल्या मृतदेहापासून संसर्ग पसरतो, याला पुरावा नव्हता. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. एस. एस. शिंदे यांच्या खंडपीठाने नेमके हेच पाहिले आणि याचिका फेटाळल्या. सन्मानाने अंत्यविधी होणे हा संविधानाच्या कलम २१ मधील हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

शेजारच्या श्रीलंकेत उलटे घडले. तिथे मुस्लिमांच्या मृतदेहांचेही सक्तीने दहन झाले. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस ती सक्ती उठली आणि २०२४ मध्ये सरकारने माफी मागितली. पण राख झालेल्यांच्या घरच्यांना फातिहा पढायला कबर कुठून मिळणार?

सक्तीचा धडा महाराष्ट्रालाही नवा नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सैनिक घरात घुसून झडती घेत, तेव्हा लोक रोगी लपवू लागले. विश्वास उडाला की आरोग्याचे कामही अडते. म्हणून निर्बंध घालताना तीन गोष्टी पाहायला हव्यात: त्यामागे शास्त्र आहे का, कायदा आहे का आणि कमी जाचक मार्ग उरला आहे का.

निकालानंतर तीन दिवसांनी ईद आली. कुणी कुणाची गळाभेट घेतली नाही. तेवढे सोसणे रास्त होते. मृताला मात्र त्याच्या हक्काची माती मिळत होती.