सडा सुकल्यावर

पावसाळ्याचे चार महिने गोमंतकातील निसर्ग छायाचित्रकाराला प्रेरणा शोधावी लागत नाही. ती त्याच्या दाराशीच उभी असते. सड्यावरची रानफुले, कातळातील डबकी, रात्री साद घालणारे बेडूक, चोर्ला घाटातील धबधबे. कॅमेरा वळवावा तिकडे चित्र तयार! मार्गशीर्ष लागतो आणि हे वैभव ओसरते. पेडण्याचे सडे करडे पडतात, व्हाळांचे पाणी आटू लागते. मग अनेकांचा उत्साहही सड्यासारखाच सुकतो आणि कॅमेरा कपाटात विसावतो. हिमप्रदेशातील छायाचित्रकार बोटे गारठतात म्हणून घरी बसला, तर ते समजण्यासारखे आहे. आमची थंडी पहाटे अंगावर शाल घ्यावी इतकीच. तेव्हा आमची अडचण हवामानाची नसून दृष्टीची आहे, असे म्हणणे प्राप्त आहे.

वास्तविक हिवाळा ही छायाचित्रकाराची सुगी होय. या दिवसांत सूर्य माथ्यावर न येता दक्षिणेकडे कललेला राहतो. त्यामुळे तिरपा, मवाळ प्रकाश अधिक वेळ लाभतो. जानेवारीत सूर्योदयच सातच्या सुमारास होतो. शापोरा आणि तेरेखोलच्या खोऱ्यांत धुके रेंगाळते. डिचोली तालुक्यात वायंगणाच्या लावणीची लगबग सुरू झाली की चिखलात बगळे आणि धोबी पक्षी शेतकऱ्याच्या मागोमाग चालू लागतात. पानगळ झालेल्या सावरीवर पुढे तांबडी फुले येतात आणि त्यांतील मधासाठी बुलबुल, साळुंक्या, कोतवाल यांची जत्रा भरते. पावसाळ्यात पानांआड दडणारा पक्षी निष्पर्ण फांदीवर आपण होऊन समोर येतो. आणखी काय हवे?

तरीही उत्साह टिकत नाही, याचे कारण आम्हांस वेगळेच दिसते. दर खेपेस नवे, दुर्मीळ, अद्भुत काही हाती लागलेच पाहिजे, अशी अपेक्षा आपण बाळगतो. चार सकाळी रिकाम्या गेल्या की मन खट्टू होते. त्यातच दुसऱ्याचे उत्तम चित्र मोबाईलवर क्षणात येऊन थडकते आणि आपले फिके वाटू लागते. टाळ्यांवर पोसलेला उत्साह टाळ्या थांबताच मावळणार, हे सांगणे न लगे.

यावर उपाय साधा आहे. आपल्या गावचा एक पाणवठा, एक बांध किंवा एक झाड निवडावे आणि दर आठवड्यास तेथेच जावे. मोरजीला शापोरा नदी समुद्राला मिळते, तेथील वाळूच्या पट्ट्यावर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांतील तपकिरी डोक्याचा कुरव लडाखसारख्या उंच पठारांवर वीण करून येथे येतो. डिसेंबरात पाहावे तर त्याचे डोके पांढरे. कानामागे तेवढा एक काळसर ठिपका. परतीचे दिवस जवळ येतात तसतसा तो तपकिरी रंग पुन्हा चढू लागतो. एकदाच येणाऱ्याला हा केवळ एक पक्षी दिसतो. दर आठवड्यास येणाऱ्याला त्याचे सारे ऋतुमान उलगडते. मग पुढच्या रविवारी काय बदलले असेल, ही उत्सुकताच पहाटे अंथरुणातून उठवते.

अशा चित्रांचे मोल सौंदर्यापुरते नाही. २०२२ च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्घाटन झाले, त्या मोपाच्या पठारावर पूर्वी काय उगवत होते, कोणते पक्षी उतरत होते? डिचोलीचे डोंगर खाणींनी वर्षानुवर्षे कसे बदलत गेले? यांची तारीखवार चित्रे गावोगावी जपलेली असती, तर आजच्या वादांत प्रत्येकाला स्मरणाच्या भरवशावर बोलावे लागले नसते. विकास हवा की नको, हा प्रश्न येथे नाही. काय होते आणि काय गेले, याचा पुरावा असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत आली आहे. एखाद्या तळ्यावरील साधे, किंचित धूसर चित्रही, त्यावर स्थळ आणि दिनांक असेल तर, अशा कामी उपयोगी पडते.

मात्र साक्षीदाराने घटनेत ढवळाढवळ करू नये. मोरजीच्या किनाऱ्यावर याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवी रात्री अंडी घालण्यास येते. उजेडाने आणि गोंगाटाने ती बिथरून आल्या पावली परत फिरू शकते. बाहेर पडणारी पिले क्षितिजावरच्या उजेडाकडे धावतात. भलत्या दिशेचा दिवा त्यांना समुद्रापासून दूर नेतो. पर्यटनाच्या हंगामात किनाऱ्यावर आधीच दिव्यांचा झगमगाट असतो. त्यात आपल्या झोताची भर कशाला? तेथे न घेतलेले चित्र हेच उत्तम छायाचित्रकाराचे लक्षण मानावे.

शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी आपल्या गावच्या एका जागेची अशी चित्रवही ठेवण्यास आरंभ करावा. त्यास मोठा खर्च नाही. आज कॅमेरा बहुतेकांच्या खिशात आहे. हवी आहे ती निष्ठा. धालो खेळण्यासाठी आमच्या मायबहिणी पौषातल्या गार रात्री त्याच मांडावर दरवर्षी जमतात. आज काही नवे घडेल का, असे त्या विचारीत नाहीत. तीच जागा, तीच वेळ, तोच भक्तिभाव. छायाचित्रकारानेही आपला मांड निवडावा आणि तो सोडू नये.