पेटीवरचा लाल दिवा काय सांगतो?

“आई, नेट गेलं!” अशी हाक आली की घरातल्या सगळ्यांचे डोळे कुणाकडे वळतात, हे का सांगायला हवे? नळ गळो नाहीतर फ्यूज उडो, धावावे लागते गृहिणीलाच. आता तर यांची कचेरीची मीटिंग, मुलांचे क्लास आणि कित्येकींच्या स्वतःच्या शिकवण्या नि डब्यांच्या ऑर्डरीही एका बारीक वायरीवर चालतात. तेव्हा तिची थोडी ओळख हवीच.

या वायरीत तांबे नसते, काच असते. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. धागा वळला तरी प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. पंजाबात मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर अशा धाग्यांच्या जुडीतून चित्र पलीकडे पोचवल्याचे प्रसिद्ध केले. २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

परदेशांतून समुद्रतळावरून आलेल्या कितीतरी केबल आपल्या अंधेरीजवळ, वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. जानेवारी २००८ मध्ये दूर इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि इकडे भारतातले इंटरनेट मंदावले! म्हणजे बिघाड घरातलाच असेल असे नाही. तो कुठे आहे हे पेटीवरचे दिवे सांगतात.

एकही दिवा नाही: प्लग, बटण आणि अडॅप्टर पाहा. वायरीतून प्रकाश येत असला तरी पेटीला वीज लागतेच. वीज वारंवार जात असेल तर पेटीपुरता छोटा यूपीएस घ्यावा.

‘एलओएस’चा लाल दिवा: प्रकाश पेटीपर्यंत पोचत नाही. वायर कपाटाखाली दबली आहे का, झाडताना ओढली गेली आहे का, तेवढे बघा. तिची घडी कधी घालू नये. वळण निदान बांगडीएवढे मोठे असावे. घरात सारे ठीक असेल तर दोष बाहेर आहे. मुलुंड-बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांत केबल गच्चीवरून गच्चीवर नेलेली असते. पावसात फांदी पडते, उंदीर कुरतडतात, रंगकाम करणाऱ्यांचा धक्का लागतो, कुठे रस्ता खणतात. अशा वेळी टाचणीने दाबायचे रीसेटचे बटण मुळीच दाबू नका. कंपनीने भरलेली माहिती पुसली जाते आणि एका दुखण्याची दोन होतात.

‘पीओएन’चा हिरवा दिवा स्थिर, पण नेट हळू: लॅपटॉप वायरीने थेट पेटीला जोडून पाहा. तसे नेट नीट चालले तर केबल ठणठणीत आहे, अडचण वायफायची. पेटी लोखंडी कपाटामागे किंवा फिशटँकशेजारी ठेवू नये. घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवावी. वायरीनेही नेट चालत नसेल तर बिल भरले आहे ना ते पाहावे आणि मग कंपनीला कळवावे.

वायर तुटली तर चिकटपट्टीने जोडू नये. काच वितळवून जोडणारे यंत्र माणूस घेऊन येतो. तुटक्या टोकात डोकावू नका, बोट लावू नका. काचेचे कुसळ कातडीत शिरले तर काढणे कठीण, आणि मुले जमिनीवर खेळत असतील तर जास्तच जपा.

तक्रार करताना तीन गोष्टी सांगाव्या: केव्हापासून बंद आहे, कोणता दिवा लागला आहे, शेजारी चालू आहे की नाही. दुरुस्तीनंतर “मीटरवर किती आलं हो?” असे जरूर विचारा. आकडा उणे २० च्या आसपास असेल तर छान. उणे २७ च्याही पलीकडे घसरला असेल तर पुन्हा बघायला लावा.

आणखी एक. कंपनीचा फोन नंबर बिलावरूनच घ्यावा. शोधून मिळालेल्या नंबरांत भामटेही असतात. दुरुस्तीसाठी कुणी ओटीपी मागितला किंवा मोबाइलवर एखादे अॅप घ्यायला सांगितले, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर कळवा.

हे दिवे घरातल्या सगळ्यांना एकदा समजावून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तुमच्या नावाने हाक यायची नाही!