गर्भाशयमुखाचा कर्करोग : ऑपरेशन दुर्बिणीतून की पोट उघडून?

‘कॅन्सर सुरुवातीचाच आहे, पिशवी काढावी लागेल,’ असे कळले की घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा असतो, ‘दुर्बिणीतून होईल ना?’ छोटी जखम, कमी दुखणे, लवकर घरी. इतर कारणांसाठी पिशवी काढताना हा विचार योग्य असतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र जरा थांबा.

अभ्यास काय सांगतो?

२०१८ मध्ये ६३१ स्त्रियांवरील ‘लॅक’ हा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. यातील बहुतेकींची गाठ ४ सेंमीपर्यंतची, गर्भाशयमुखापुरतीच होती. तीन वर्षांनंतर पोट उघडून ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे ९७ टक्के आजारमुक्त होत्या. दुर्बीण किंवा रोबोटने झालेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ९१ टक्के होते. मृत्यूही दुसऱ्या गटात जास्त झाले. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये गर्भाशय हलवण्यासाठी आत घातलेल्या उपकरणामुळे कर्करोगाच्या पेशी पसरत असाव्यात, असे एक संभाव्य कारण मानले जाते.

म्हणून या टप्प्यात साधारणपणे पोट उघडूनच ऑपरेशन सुचवले जाते. टाका मोठा असला, तरी आजार परत येण्याचा धोका कमी.

गाठ लहान असेल तर?

गाठ २ सेंमी किंवा त्याहून लहान आणि फार खोल गेलेली नसेल, तर आजूबाजूचा भाग न काढता साधी पिशवी काढणेही पुरू शकते. २०२४ च्या ‘शेप’ अभ्यासात तीन वर्षांत ओटीपोटात आजार परतण्याचे प्रमाण दोन्ही पद्धतींत २ ते ३ टक्क्यांच्या दरम्यान होते. साध्या ऑपरेशननंतर लघवीचे त्रास मात्र कमी झाले. मूल हवे असल्यास काही जणींमध्ये गर्भाशय ठेवून फक्त गर्भाशयमुख काढता येते. हे ऑपरेशनच्या आधीच बोला.

डॉक्टरांना हे विचारा

- गाठ किती सेंमी आहे? कोणता टप्पा?
- ऑपरेशन कोणत्या पद्धतीने, आणि का?
- बीजांडकोष ठेवता येतील का?
- लघवीची नळी किती दिवस राहील?
- तपासणीच्या रिपोर्टनंतर रेडिएशन लागू शकते का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. लसिकाग्रंथींत किंवा काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोग आढळला, तर रेडिएशन लागते. याचा अर्थ ऑपरेशन फसले असा नाही.

आणि एक विनंती : अंगावरून अनियमित रक्त जाते म्हणून घाईने पिशवी काढू नका. आधी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या.