आधीं तेल कोणाला?

मोटारीच्या इंजिनांतील क्रँकशाफ्ट बेअरिंगवर टेकून फिरतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो तेलावर तरंगत असतो. दांडा व बेअरिंग यांच्यामध्यें इंचाच्या दोन-तीन सहस्रांश एवढीच फट असते. फिरणारा दांडा त्या फटींत तेल ओढून घेतो, आणि त्या तेलाची पाचर त्याला उचलून धरते. पंपाचें काम इतकेंच कीं, फटींतून गळून जाणाऱ्या तेलाची सतत भर करीत राहावें. ही भर चुकली कीं धातूला धातु घासतो, बेअरिंगचा मऊ थर वितळतो, आणि पुष्कळदां कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो.

शर्यतीच्या इंजिनांत हें संकट अधिक. मुख्य बेअरिंगांत आलेलें तेल पुढें फिरत्या दांड्याच्या पोटांतील भोकांतून कनेक्टिंग रॉडकडे जावयाचें असतें. आंत शिरूं पाहणाऱ्या या तेलाला केंद्रोत्सारी प्रेरणा बाहेर लोटते. आणि गति दुप्पट झाली कीं ही प्रेरणा चौपट होते.

अमेरिकेंतील फोर्ड कंपनीच्या ४२७ क्रमांकाच्या, सात लिटर क्षमतेच्या इंजिनाचें उदाहरण येथें उद्बोधक आहे. १९६३ सालच्या या इंजिनांत तेल आधीं वर, कॅमशाफ्ट व झडपांच्या यंत्रणेकडे जाई. क्रँकशाफ्टच्या वांट्याला तें मागाहून येई. तळमजल्याचे नळ सुटले कीं माडीवरच्या बिऱ्हाडानें रिकामी घागर घेऊन बसावें, तशांतला हा प्रकार. फक्त येथें ताटकळे तो सर्वांत कष्टाळू भाडेकरू! १९६५ सालीं ब्लॉकच्या बाजूस, खालच्या अंगाला, नवी तेलवाहिनी काढण्यांत आली व पहिला घांस मुख्य बेअरिंगांना मिळूं लागला. 'साइड ऑइलर' या नांवानें प्रसिद्धीस आलेलें हें इंजिन घालून फोर्डच्या जीटी४० मार्क २ गाड्यांनीं १९६६ सालीं फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. सारें श्रेय एका वाहिनीला देणें अर्थात् अन्यायाचें होईल.

जुन्या ब्लॉकला अशी वाहिनी सहसा जोडतां येत नाहीं. तेथें कुशल कारागीर पंपापासून निघणारीं भोकें थोडीं रुंद करतात, वळणांवरच्या धारदार कडा घासून गोल करतात, आणि झडपांकडील वाटेंत बारीक छिद्राचें बूच बसवून वरची उधळपट्टी रोखतात. नुसता मोठा पंप बसविला कीं भागलें, ही कल्पना मात्र फसवी आहे. वरचें तेल खालीं उतरण्याच्या वाटा अरुंद असल्या तर मोठा पंप तळाची टाकीच रिकामी करतो व तेलाऐवजीं हवा ओढूं लागतो. म्हणून परतीच्या वाटा आधीं मोकळ्या कराव्या लागतात. शेवटीं ब्लॉक धुण्याचा कंटाळा करून चालत नाहीं. भोकें पाडतांना राहिलेला लोखंडाचा कीस इंजिन सुरू होतांच बेअरिंगांत जाऊन रुततो.