छावणीची भिंत आणि खर्चाचा हिशेब

देवगिरीचा किल्ला पाहावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षक एक गोष्ट आवर्जून दाखवितात. डोंगराचा कडा तासून सरळसोट केला, भोवती खंदक खोदला, वर जाण्यास एकच वाट ठेवली आणि तीही अंधाऱ्या बोगद्यातून नेली. गरजेवाचून केलेले बांधकाम तेथे शोधूनही सापडत नाही. याच किल्ल्याच्या पायथ्याशी १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी आणली आणि काही वर्षांतच तो बेत सोडून दिला. राज्याच्या खर्चामागे गरज असते तेव्हा काय घडते आणि लहर असते तेव्हा काय घडते, हे दोन्ही धडे आपल्या शहरापासून अवघ्या काही कोसांवर आहेत.

लोकशाहीत लहरीला जागा उरत नाही, असे आपण समजतो. ती समजूत पुरती खरी नाही. अमेरिकेत लष्करी बांधकामाचा खर्च प्रतिनिधिगृहात तळवार आणि कामवार मंजूर होतो. या पद्धतीचा लाभ घेऊन, सेनादलांनी मागितलेली नसतानाही आपल्या मतदारसंघातील तळावर एखादी इमारत पदरात पाडून घेण्याची चाल तेथील लोकप्रतिनिधींत रूढ झाली. टीका वाढली, तेव्हा २००७ साली अशा प्रत्येक तरतुदीपुढे ती मागणाऱ्या सदस्याचे नाव जाहीर करण्याचे बंधन आले. २०११ साली ही प्रथाच थांबविण्यात आली. पण दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, ती जाहीर मागणीच्या व प्रतिज्ञेच्या अटींसह परतली. मोह कायद्याने मरत नाही. मात्र मागणाऱ्याचे नाव उघड झाले की तो आवरता येतो, एवढा बोध यातून निघतो.

आपल्या राज्यघटनेने या बाबतीत अधिक सावधपणा दाखविला आहे. राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून अनुदानाची कोणतीही मागणी लोकसभेपुढे येऊ शकत नाही आणि सदस्याला कपात सुचविता येते, वाढ सुचविता येत नाही. तेव्हा एखाद्या खासदाराने संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात स्वतःच्या गावासाठी इमारत घुसविणे आपल्याकडे शक्य नाही. परंतु पुढच्या दाराला कडी घातली म्हणून मागचे दार बंद झाले असे होत नाही. १९९३ साली खासदार निधीची योजना सुरू झाली, तीमागे मतदारसंघात डोळ्यांना दिसेल असे काही उभे करण्याची हीच ओढ होती. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ साली ही योजना बंद करण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ती घटनासंमत ठरविली. योजना टिकली, पण मूळ प्रश्नही टिकला : काम गरजेने ठरते की मागणाऱ्याच्या वजनाने?

लष्करी बांधकामाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तेथे मध्ये भिंत असते. आपल्या छावणीच्या रस्त्याने गुरुवारच्या बाजाराला जाणारा माणूस त्या भिंतीकडे आदराने पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण आदर आणि हिशेब यांचे वैर नाही. दारूगोळ्याची कोठारे कोठे आहेत, हे गुप्त राहिलेच पाहिजे. जवानांच्या निवासाची गळती, अतिथिगृहाचे नूतनीकरण किंवा कुंपणाची पुनर्बांधणी यांत कोणते राष्ट्रीय रहस्य दडले आहे? माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात सुरक्षेची माहिती वगळण्याचे कलम आठवे आहे. तसेच, वगळण्याजोगा भाग काढून उरलेला देण्याची वाट दाखविणारे दहावे कलमही आहे. पहिल्याचे स्मरण कार्यालयांना सहज होते, दुसऱ्याचे करून द्यावे लागते.

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यावर संसदेत चर्चा किती होते? २०१८ च्या मार्चमध्ये तर सर्वच खात्यांच्या मागण्या लोकसभेत चर्चेवाचून संमत झाल्या. महालेखापरीक्षक दोष दाखवितात, लोकलेखा समिती जाब विचारते. परंतु तोवर इमारत उभी राहिलेली असते आणि पैसा गेलेला असतो. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा ही पायऱ्यांची शिडी कारकुनी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मार्चअखेर जवळ आली की ती शिडी किती वेगाने चढता येते, हेही त्याला ठाऊक आहे. प्रत्येक कागद नियमानुसार असूनही काम अनावश्यक असू शकते. लेखापरीक्षण कागद तपासते. गरज मात्र त्याआधीच तपासावी लागते.

म्हणून लगाम हवा तो मागणीच्या क्षणी. निवासी व नागरी स्वरूपाच्या प्रत्येक लष्करी कामापुढे तीन ओळी असाव्यात : मागणी कोणाची, गरज कोणती, आणि हे काम पुढे घेतल्याने मागे काय राहिले. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. तिजोरीत पैसा मोजकाच असतो. एका ठिकाणी संगमरवर बसला की दुसऱ्या ठिकाणी छप्पर राहते. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात मंजूर झालेल्या कामांची यादी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे वेगळी ठेवली, तर निम्मा मोह तेथेच ओसरेल.

असा हिशेब मागणे म्हणजे सैन्यावर अविश्वास दाखविणे, असा आक्षेप घेतला जाईल. वस्तुस्थिती उलट आहे. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणून गावोगावची मुले भरतीच्या रांगेत उभी राहतात. त्यांपैकी एखादा सीमेवर असताना त्याची पत्नी लेकरांसह सरकारी निवासस्थानाच्या प्रतीक्षायादीत असते. अनाठायी उभारलेल्या प्रत्येक भिंतीतील विटा त्या घराच्या वाट्याच्या असतात. त्या विटांचा हिशेब विचारणारा नागरिक सैन्याचा विरोधक नव्हे. तो त्या जवानाच्या वतीनेच बोलत असतो.