आभाळाची हजेरी

बालमित्रांनो, शाळेत रोज सकाळी तुमची हजेरी होते ना? एखादा मुलगा चार दिवस आला नाही, की हजेरीपटावरून लगेच कळतं. मग चौकशी होते. आजारी आहे का, गावाला गेलाय का? पण आभाळात फिरणाऱ्या पक्ष्यांची हजेरी कोण घेतं? त्यातला एखादा यायचा बंद झाला, तर कुणाला कळणार?

असं आपल्या देशात खरंच घडलंय, बरं का! घरी आजी-आजोबांना विचारून पाहा. पूर्वी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं, की कुठून कुठून गिधाडं उतरायची. बघता बघता नुसता सांगाडा उरायचा. दुर्गंधी नाही, रोगराई नाही. फुकटातली सफाईच ती! पण १९९० नंतर ही गिधाडं झपाट्यानं नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर १९९२ ते २००७ या काळात हजारामागे जेमतेम एक उरली.

हे ध्यानात कसं आलं? राजस्थानातल्या भरतपूरला डॉ. विभू प्रकाश शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८० च्या दशकात त्यांनी तिथं या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या होत्या. १९९६ मध्ये पुन्हा मोजल्या, तर निम्म्याही भरेनात! जुना आकडा वहीत होता, म्हणून नवा आकडा बोलका झाला. शोध सुरू झाला आणि २००४ मध्ये कारण सापडलं. गुराढोरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध देत. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०२३ मध्ये तशाच आणखी दोन औषधांवर बंदी आली.

मोजणीचा दुसरा किस्साही ऐका. इंग्लंडात कबुतरं पाळणाऱ्यांनी तक्रार केली, की बहिरी ससाणे फार माजलेत, आमची कबुतरं मारतात! म्हणून १९६१ मध्ये हौशी पक्षीनिरीक्षकांच्या मदतीनं ससाणे मोजायला घेतले. निघालं उलटंच! ससाणेच कमी होत होते. शेतावर मारलेलं कीटकनाशक त्यांच्या पोटात जात होतं. नुसतं वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं, ते असं.

हे काम फक्त शास्त्रज्ञांचं नाही. आपल्या महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला महाडच्या सिस्केप संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांचे सहकारी गावकऱ्यांच्या साथीनं गिधाडं जपतात. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांचा मोठा अहवाल निघाला. तो सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून तयार झाला. त्यात शिक्षक होते, विद्यार्थी होते, गृहिणी होत्या. माळरानावरचे शिकारी पक्षी घटताहेत, हे त्यातूनच कळलं.

मग आपल्या मलकापुरात काय करता येईल? पुष्कळ! पुढं आंबा घाटाचं रान आहे, भोवती भातशेती आणि ऊस आहे. शिकारी पक्ष्यांना आणखी काय हवं? ओळख करून घ्या. शेपटीला खाच असलेली तपकिरी ती घार. डोकं-छाती पांढरी आणि बाकी अंग विटकरी, ती ब्राह्मणी घार. शेतावर एकाच जागी पंख फडफडवत तरंगणारी, करड्या-पांढऱ्या रंगाची ती कापशी घार. आणि रानावर शिट्टी घालत गिरक्या घेणारा, पंखांखाली पांढरा पट्टा असलेला तो सर्पगरुड.

आता एक वही घ्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास आभाळ बघा. तारीख, वेळ, हवा, पक्षी आणि संख्या लिहा. ओळखू आला नाही तर 'अनोळखी' लिहा, अंदाजानं नाव ठोकून देऊ नका. एकही दिसला नाही, तर शून्य लिहा. कंटाळून कोरं पान सोडू नका. शून्यालाही किंमत असते! घरट्याजवळ मात्र जायचं नाही, झाडावर चढायचं नाही आणि घरट्याची जागा गावभर सांगत सुटायचं नाही.

पालकांनो, मुलांसोबत तुम्हीही उभे राहा. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते. तेव्हा मुलांच्या नोंदी ई-बर्डवर भरायला मदत करा.

आपल्या भागात पूर्वी किती गिधाडं होती, हे आजोबा 'पुष्कळ' एवढंच सांगतील, कारण तेव्हा कुणी लिहून ठेवलं नव्हतं. आणखी वीस वर्षांनी कुणी विचारलं, "मलकापुरात घारी किती होत्या हो?" तर उत्तर तुमच्या वहीत असायला हवं. मग, कुठला वार ठरवताय?